शेवटीं कोण चाललें होतें?

(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्तानें माजिवडा येथें भरलेल्या आईबाप व तरुणमंडळाचे पुढारी यांच्या सभेंत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंडळानें मला सुचविलें होतें कीं, या सभेंत धर्मग्रामाच्या प्रगतीविषयीं चार शब्द बोलावे. परंतु प्रगतीविषयीं बोलणारे माझ्याहून चांगले वक्ते येथें बसले आहेत. बांधकामाचे हिशेब त्यांच्यापाशीं आहेत, आणि जुन्या पाद्रींच्या आठवणी आपल्या म्हाताऱ्या आयांपाशीं आहेत. मी आज एका लहानशा गोष्टीविषयीं बोलणार आहें. ती लहान असली तरी तिचा निर्णय आपणांस याच महिन्यांत करावयाचा आहे. आपल्या तरुणमंडळाला डोंगरावर न्यावयाचें कीं नाहीं?

गेल्या पावसाळ्यांत काय घडलें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मंडळांतील सात मुलें, घरीं कांहीं न सांगतां आणि मलाहि कांहीं न कळवितां, येऊरच्या रानांतील एका धबधब्याकडे गेलीं. वर पाऊस पडला, ओढा चढला, आणि तीं पलीकडच्या कांठावर दोन तास अडकून पडलीं. रात्रीं दहा वाजतां चिखलानें माखलेलीं अशीं तीं घरीं परतलीं. देवाच्या कृपेनें कोणालाहि इजा झाली नाहीं. पुढच्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर कांहीं बाप मजकडे आले व म्हणाले, "फादर, डोंगराचें नांव मंडळांत पुन्हां काढूं नका. कॅरम खेळूं द्या, गाणीं बसवूं द्या, पण पोरें आवाराबाहेर नकोत."

त्या बापांचा मला राग आला नाहीं. त्यांची भीति खरी आहे, आणि ती मला त्यांच्याहूनहि चांगली ठाऊक आहे. तें कसें, तें मी पुढें सांगणारच आहें. परंतु आधीं एक गोष्ट ध्यानांत घ्या. हीं सात मुलें मंडळाबरोबर गेलीं नव्हतीं. मंडळानें त्यांस तीन वर्षें कोठेंहि नेलें नाहीं, म्हणून तीं एकटीं गेलीं. मनाई केल्यानें डोंगर जागचा हलत नाहीं आणि तरुणांचे पायहि थांबत नाहींत. मनाईनें एवढेंच होतें कीं, जातांना त्यांच्याबरोबर कोणी वडील माणूस नसतो.

आपल्यांतील वृद्धांस माजिवडा गांव होता तेव्हांची आठवण असेल. भाताचीं शेतें होतीं, जवळ खाडी होती, आणि पायीं चालल्यावांचून कोणाचा दिवस जात नसे. १९८२ सालीं ठाण्याची महानगरपालिका झाली. पुढें घोडबंदरचा रस्ता आणि महामार्ग यांच्या नाक्याभोवतीं इमारतींचें एक नवेंच रान उभें राहिलें. त्या इमारतींत राहणारीं मुलें आपलींच आहेत. त्यांतील एकास मीं विचारलें, "बाळ, तुझ्या खिडकींतून समोर काय दिसतें?" तो म्हणाला, "येऊरचा डोंगर, फादर." "कधीं गेला आहेस?" "नाहीं. तेथें बिबटे आहेत असें ऐकतों." "बिबट्यांखेरीज आणखी काय आहे?" तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "तें कोणीं सांगितलें नाहीं."

बंधूंनो, शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेलें एक राष्ट्रीय उद्यान आपल्या उंबरठ्याशीं आहे. त्यांत वारली बांधवांचे पाडे आहेत, ओढे आहेत, साग आणि ऐन आहेत. आणि आपल्या मुलाला त्यांतलें भय तेवढें ठाऊक आहे. देवानें निर्मिलेल्या सृष्टीविषयीं त्याला आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवितों, पण ती सृष्टि त्याच्या तळव्यांना कधीं लागलेली नसते. ज्याचे पाय कधीं दुखले नाहींत त्याला दुसऱ्याच्या दुखऱ्या पायांची कींव कशी येणार? ज्याला तहान लागलेली नाहीं त्यानें आपल्या बाटलींतलें शेवटचें पाणी सोबत्याला दिलें, हें पुण्य कसें घडणार? डोंगरावर जें एका दिवसांत शिकतां येतें, तें सभागृहांत एका वर्षांतहि शिकवितां येत नाहीं. हें मी अनुभवानें सांगतों.

कोणी म्हणेल, धर्मगुरूचें काम वेदीशीं आहे, डोंगरांत त्याचें काय काम? त्यांना मी पवित्र शास्त्राची आठवण देतों. मोशेला आज्ञा डोंगरावर मिळाल्या. एलियाला देवाचा मंद स्वर डोंगरावर ऐकूं आला. प्रभु येशू प्रार्थनेसाठीं पुनःपुन्हां डोंगरावर जात असे, आणि एके दिवशीं पेत्र, याकोब व योहान यांस घेऊन तो उंच डोंगरावर गेला व त्यांच्यादेखत त्याचें रूप पालटलें. पेत्राला तेथेंच राहावेंसें वाटलें. तो तीन मंडप घालावयास निघाला. परंतु प्रभूनें त्यांस खालीं आणलें. खालीं एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहात होता. डोंगरावर जाणें जितकें पवित्र, तितकेंच खालीं वाट पाहणाऱ्या बापाकडे परत येणेंहि पवित्र आहे, हा धडा मला त्या अध्यायांत सांपडतो.

आपल्या पवित्र सभेच्या अलीकडच्या इतिहासांतहि अशीं उदाहरणें आहेत. १९२२ सालीं जे अकरावे पायस या नांवानें पोप झाले, ते आकिल्ले रात्ती तरुणपणीं मोठे गिर्यारोहक होते. १८८९ सालीं त्यांनीं आल्प्समधील मोंते रोझा या पर्वताचें सर्वांत उंच शिखर पूर्वेच्या बिकट कड्यानें गांठलें, आणि रात्र कड्यावरच, थंडींत, जागून काढली. पोप झाल्यावर, १९२३ सालीं, त्यांनीं सन्त बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें. परंतु त्यांच्याविषयींची मला सर्वांत आवडणारी गोष्ट निराळीच आहे. खरें गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणें नव्हे, तर तें मुख्यतः विवेकाचें काम आहे, असें ते मानीत. कड्यावर रात्र काढलेल्या माणसाचें हें मत आहे; आपण तें हलकें लेखूं नये.

दुसरें उदाहरण सन्त पिएर जॉर्जिओ फ्रास्साती यांचें. हे १९०१ सालीं इटलींतील तुरीन शहरीं जन्मले आणि १९२५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, पोलिओनें मरण पावले. ते श्रीमंताघरचे पुत्र होते. रविवारीं ते मित्रांसह डोंगर चढत, आणि इतर दिवशीं गरिबांच्या वस्तींतले जिने चढून आजाऱ्यांची सेवा करीत. ट्रामचे पैसे गरिबांना देऊन ते घरीं पायीं जात. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं चौदावे लिओ पोपमहाराज यांनीं त्यांस सन्तपद दिलें.

तिसरें उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. सन्त जॉन पॉल दुसरे हे तरुणपणीं पोलंडांत धर्मगुरु असतां विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर जात. त्या काळच्या कम्युनिस्ट राजवटींत धर्मगुरूनें तरुणांच्या टोळ्या घेऊन हिंडण्यास मनाई होती. म्हणून ते साध्या पोषाखांत जात, आणि मुलें त्यांस फादर न म्हणतां मामा म्हणत. उलटी घातलेली होडी हीच त्यांची वेदी होई. १९५८ सालीं ते अशाच जलप्रवासांत असतां त्यांस वॉर्साहून बोलावणें आलें. तेथें गेल्यावर त्यांस कळलें कीं, आपली बिशपपदीं नेमणूक झाली आहे. तेव्हां त्यांचें वय अवघें अडतीस होतें.

आतां मी माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतों. ती सांगणें मला सोपें नाहीं, आणि या धर्मग्रामांत मीं ती आजवर सांगितलेली नाहीं.

वीस वर्षें होत आलीं. मी तेव्हां दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु होतों. अंगांत जोम होता आणि स्वतःवर विश्वास जरा अधिकच होता. सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस मीं चौतीस मुलामुलींना माहुलीच्या गडावर नेलें. माहुली हा आपल्या ठाणें जिल्ह्यांतील एक उंच गड, सुमारें २,८०० फूट. ठाण्याहून कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांवास उतरावें, तेथून सुमारें पांच किलोमीटरांवर माहुली गांव, आणि गांवापासून अडीचतीन तासांची चढण. वर जातांना शेवटीं लोखंडी शिडी लागते. माथ्यावरून तानसा तलाव दिसतो; याच तलावाचें पाणी १८९२ सालापासून मुंबई पीत आली आहे.

मुलांना मीं वर बसून गडाचा इतिहास सांगितला. १६३६ सालीं शहाजीराजांनीं याच गडाच्या आश्रयानें मोगल व आदिलशाही फौजांशीं शेवटची झुंज दिली. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांना हा गड सोडावा लागला. १६७० च्या फेब्रुवारींत त्यांनीं तो परत घेण्यासाठीं हल्ला केला, तो फसला आणि पुष्कळ मावळे पडले. त्याच वर्षीं जूनमध्यें मोरोपंत पिंगळे यांनीं गड घेतला. मुलें तल्लीन होऊन ऐकत होतीं. इतक्यांत धुकें उतरलें आणि पावसाची सर आली. मीं घाईनें सर्वांस खालीं उतरावयास सांगितलें.

मी स्वतः पुढें चालूं लागलों. वाट मला ठाऊक होती, म्हणून मी पुढें असावें, हें मला उघडच वाटलें. मुलें आपापल्या मित्रमैत्रिणींच्या जथ्यांनीं मागून येत होतीं. पायथ्याशीं मंदिराजवळ पोंचल्यावर मीं मोजलीं. तेहतीस. पुन्हां मोजलीं. तेहतीसच. एक जण म्हणाला, "फादर, तो पहिल्या जथ्याबरोबर पुढें गेला असेल." दुसरा म्हणाला, "मागच्यांत होता ना?" आणि मीं काय केलें? मीं अर्धा तास वाट पाहिली. असेल कोणाबरोबर तरी, येईल, असें मीं मनाशीं म्हटलें. त्या अर्ध्या तासांत उजेड गेला.

पुढें कित्येक वर्षांनीं सन्त लूक यांच्या शुभवर्तमानांतील दुसरा अध्याय वाचीत असतां माझा आवाज अडखळला. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेंत मागें राहिला, आणि मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेलीं, कारण तो बरोबरच्या मंडळींत असेल असें त्यांना वाटलें. पवित्र कुटुंबाच्याहि हातून असें घडलें. म्हणून मीं माझ्या चुकीला क्षमा मागावी, पण तिला लहान मानूं नये. कारण त्यांनाहि तीन दिवस शोधावें लागलें.

हरवलेला मुलगा पंधरा वर्षांचा होता. मंडळांत येऊन त्याला दोन महिनेहि झाले नव्हते. त्याचे आईबाप नुकतेच त्या धर्मग्रामांत राहावयास आले होते. तो कमी बोलत असे. जथ्यांपैकीं तो कोणत्याच जथ्यांतला नव्हता, म्हणून प्रत्येक जथ्याला तो दुसऱ्या जथ्यांत आहे असें वाटलें. मित्रहो, जो लाडका असतो तो दिसेनासा झाला तर एका मिनिटांत आरडाओरड होते. जो एकटा असतो, त्याचें नसणें मोजल्यावांचून कळत नाहीं.

मी गांवांत धांवलों. एक वृद्ध ठाकूर गृहस्थ ओटीवर बसले होते. त्यांनीं माझें सर्व ऐकून घेतलें व एकच विचारलें, "वर जातांना गांवांत कोणाला सांगून गेलां होतां का?" मीं नाहीं म्हटलें. त्यांनीं मान हलविली, आपल्या मुलाला हांक मारली, कोयता व बॅटरी घेतली, आणि आम्ही चौघे चढूं लागलों. मी जपमाळ म्हणत होतों, परंतु खरें सांगतों, माझें चित्त प्रार्थनेंत नव्हतें. दर वळणावर मला खालची दरी दिसत नव्हती, आणि न दिसणारी दरी दिसणारीहून खोल असते.

रात्रीं साडेआठच्या सुमारास, शिडीच्या बऱ्याच खालीं, जेथें गुरांची एक वाट फुटते तेथें आंत, एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला तो सांपडला. त्याच्या चपलेचा पट्टा तुटला होता. तो बांधण्यास तो खालीं बसला, आणि मान वर केली तों धुक्यांत कोणी नव्हतें. थोडा चुकीच्या वाटेनें गेला आणि मग बसून राहिला. त्याच्या आजीनें त्याला सांगितलें होतें कीं, वाट चुकली तर चालूं नकोस, बस. त्या आजीनें त्याचा जीव वांचविला. मीं नव्हे.

तो रडत नव्हता. थंडीनें कांपत होता. माझा अंगरखा त्याच्या खांद्यांवर घालतांना तो हळूच म्हणाला, "फादर, मी नाहीं हें कोणाच्या ध्यानांत यायचें नाहीं, असें मला वाटलें." मला त्याला धीर देण्यासाठीं सांगतां आलें असतें कीं, अरे, सर्वांनीं तुझी आठवण काढली. परंतु तें खरें नव्हतें. त्याची आठवण कोणाला आली नव्हती. आंकडा जुळला नव्हता इतकेंच. मी गप्प राहिलों.

खालीं आल्यावर मीं त्या वृद्ध गृहस्थांना पैसे देऊं केले. त्यांनीं रात्रीच्या मजुरीचे जेवढे योग्य तेवढे घेतले, उरलेले परत केले, आणि मला रागावून म्हणाले, "पुढच्या खेपेला सकाळींच आमच्यांतला एक माणूस बरोबर न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या. रात्रीची देऊं नका." त्याहून शहाणा उपदेश मला सेमिनरींतहि क्वचितच मिळाला असेल.

मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही परत आलों. स्टेशनाबाहेर त्याची आई उभी होती. मीं सर्व हकीकत तिला सांगितली. कांहीं लपविलें नाहीं. ती मला लागेल असें एक अक्षरहि बोलली नाहीं. मुलाचे भिजलेले केंस तिनें पदरानें पुसले, आणि मग माझ्याकडे पाहून एवढेंच विचारलें, "फादर, शेवटीं कोण चाललें होतें?"

मजपाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं कोणीच चाललें नव्हतें. म्हणजे असें कीं, शेवटीं तिचा मुलगा चालला होता.

त्यानंतर दोन वर्षें मीं कोणालाहि कोठें नेलें नाहीं. लोकांना मी सांगत असें कीं, वेळ मिळत नाहीं. खरें कारण भय होतें. आणि मग एके दिवशीं तोच मुलगा, आतां सतरा वर्षांचा, माझ्याकडे आला व म्हणाला, "फादर, माहुलीला पुन्हां कधीं जावयाचें? मला वरचा दरवाजा नीट पाहावयाचा आहे. या खेपेला मी शेवटीं चालेन." आम्ही गेलों. तो शेवटीं चालला, आणि त्याच्या शेजारीं मी. तेव्हांपासून आजपर्यंत मी कोणत्याहि डोंगरावर पुढें चाललेलों नाहीं.

याकरितां मी म्हणतों कीं, फसलेल्या स्वारीनंतर दोन मार्ग चुकीचे असतात. एक, पुन्हां कधींच न जाणें. दुसरा, पुन्हां तसेंच जाणें. माहुलीचा फेब्रुवारींतला हल्ला फसला म्हणून गड सोडून दिला असता, तर जून उगवला नसता.

आतां आईबापांनो, आपण मुलें माझ्या स्वाधीन करणार असाल, तर मी आपणांस काय वचन देऊं शकतों, तें ऐका.

आम्ही पावसाळ्यांत जाणार नाहीं. ओढे आणि धबधबे यांचें पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतांहि चढतें, कारण पाऊस वर कोठेंतरी पडलेला असतो; गेल्या वर्षीं आपल्या मुलांनीं हेंच पाहिलें. आम्ही डिसेंबरांत जाऊं. माहुलीचें रान तानसा अभयारण्यांत मोडतें, म्हणून वनखात्याची परवानगी घेऊं. गांवांत आधीं कळवूं, आणि तेथील एक वाटाड्या दिवसाची मजुरी देऊन बरोबर घेऊं. दर आठ मुलांमागें एक जाणता माणूस असेल. मुली असतील तेथें बाया असतील. कोणतेंहि मूल एका वडील माणसाबरोबर एकटें राहणार नाहीं, मग तो माणूस धर्मगुरु कां असेना. हा नियम आमच्यावरील अविश्वास नव्हे, तें मुलांचें आणि आमचेंहि रक्षण आहे.

प्रत्येक मुलाचा एक जोडीदार असेल, आणि तो त्याचा मित्र नसेल. जोड्या मी लावीन. मोजणी आठ वेळां होईल: देवळाच्या दारांत, आसनगांवास, गांवांत, शिडीशीं, माथ्यावर, उतरतांना पुन्हां शिडीशीं, गांवांत, आणि शेवटीं देवळाच्या दारांत. आंकड्यानें नव्हे, नांवानें. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची. आणि दुपारीं बारा वाजतां जेथें असूं तेथून मागें फिरूं, मग माथा शंभर पावलांवर कां असेना. माथा पुढच्या वर्षीं तेथेंच असेल.

आपल्याकडून मला इतकें हवें. मुलाला दमा, फिट, मधुमेह असें कांहीं असेल तर तें लाजेखातर लपवूं नका. कागदावर लिहून द्या. चपला नकोत, घट्ट बूट द्या. तीन लिटर पाणी, लिंबू, मीठ, साखर, बॅटरी आणि एक शिट्टी द्या. अत्तर व सुगंधी फवारे घरीं ठेवा, कारण गडांच्या कपारींत आग्यामोहळें असतात आणि वासानें व धुरानें माश्या उठतात. देव न करो, पण सर्प चावला तर आम्ही ना जखम कापणार, ना दोरी आवळणार. मुलाला हलूं न देतां उचलून खालीं आणूं, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावूं, आणि शहापूरच्या सरकारी रुग्णालयांत नेऊं.

तरुणांनो, तुमच्याकडूनहि मला वचन हवें. येऊरला किंवा कोठेंहि चोरून जाणार नाहीं, असें म्हणा. माहुलीच्या वाटेवर मंदिर आहे, तेथील लोकांच्या श्रद्धेचा मान राखा. नेलेला कागदाचा कपटाहि परत आणा. आणि ढोलकी, पेटी, गाणीं हीं गाडींत खुशाल चालूं द्या. रानांत मात्र रानाचें ऐका.

शेवटीं एक गोष्ट सर्वांसाठीं. आपल्या ठाण्याच्या भूमीवर १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं रक्त सांडलें: तोलेन्तीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस. त्यांच्याबरोबर आलेले दोमिनिकन धर्मगुरु जॉर्डन हे त्या वेळीं पुढें गेले होते. बातमी कळतांच ते मागें फिरले, आपल्या सोबत्यांचे देह त्यांनीं मिळविले, आणि सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढें गेलेला माणूस मागें राहिलेल्यांसाठीं परत आला. ठाण्यांतील आपल्या धर्माच्या इतिहासाच्या आरंभींच हें पान आहे.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपली संख्या मोजतों. इतकीं कुटुंबें, इतके बाप्तिस्मे, इतकीं लग्नें. ती मोजणी चांगली आहे. पण मी आपणांस विचारतों, नव्या इमारतींत गेल्या वर्षीं आलेलें तें कुटुंब, जें मागच्या बांकावर बसून आशीर्वादाआधींच निघून जातें, तें कोणाच्या जथ्यांत आहे? दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी ती म्हातारी, जी तीन रविवार दिसली नाहीं, ती कोणाच्या ध्यानांत आली? प्रत्येकाला वाटलें असेल कीं, ती दुसऱ्या कोणाबरोबर तरी असेल. धर्मग्राम हीहि एक चढण आहे. पुढें चालणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, देवाची कृपा. पण शेवटीं कोण चालतो?

म्हणून ज्युबिलीनिमित्त माझी आपणांपाशीं मागणी लहान आहे. डिसेंबरच्या त्या शनिवारीं आपलीं मुलें मला द्या. आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत असे चारसहा बाप माझ्याबरोबर चला, पुढें नव्हे, मागें. ज्या बापांनीं मला डोंगराचें नांव काढूं नका म्हणून सांगितलें, त्यांना मी सर्वांआधीं बोलावितों. कारण ज्याला भय ठाऊक आहे तोच शेवटीं चालावयास योग्य.

पवित्र मरियेला हरवलेला पुत्र तीन दिवस शोधावा लागला. तिला आपल्या प्रत्येक आईचें काळीज कळतें. ती आपल्या मुलांना वर नेतांना त्यांच्यापुढें असो, आणि उतरतांना त्यांच्या मागें असो. आणि कोणी एखादा चपलेचा पट्टा बांधण्यास थांबला, तर त्याच्याजवळ थांबणारें माणूस आपल्या धर्मग्रामांत सदैव असो.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों. देव आपणां सर्वांचें कल्याण करो. आमेन.